बाळंतिणीचे केस

सव्वा महिन्याचं न्हाणं झालं आणि मालनने सुनेच्या डोक्याचं फडकं सोडलं. डिलाईल रोडच्या त्या चाळीत बाळंतिणीला न्हाऊ घालायचं ते मालननेच, हे कधीचं ठरून गेलेलं. कुणाची लेक माहेरी आली, कुणाची सून दवाखान्यातून घरी आली, की पहिली हाक तिला जायची. अंग रगडायची ती असं, की बाळंतीण आधी रडायची आणि मग घोरायची. स्वतःच्या सुनेचं न्हाणं तिने किती मन लावून केलं असेल ते वेगळं सांगायला नको. अक्षताला आई नव्हती. म्हणून पहिलं असूनही बाळंतपण सासरीच झालं, आणि मालनला ते ओझं वाटलं नव्हतं, उलट जरा मिरवावंसंच वाटलं होतं.

कशात काही कमी पडू दिलं नव्हतं तिने. रोज खोबरेल कढत करून टाळूवर थापलं. शिकेकाई लावून सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळले. ओल्या केसांना ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी दिली. पाचवीला दृष्टीचं वेखंड केसांत अडकवलं. वारा शिरू नये म्हणून जुन्या साडीच्या पट्टीने डोकं करकचून बांधलं. आणि फणी लावू दिली नाही, कारण कच्च्या अंगाला फणी लावली की डोक्याची शीर दुखावते आणि जन्माचं डोकं धरतं. मालनच्या आईने मालनचं असंच केलं होतं, आणि मालनचे केस अजून, पातळ झाले तरी, कमरेपर्यंत सरळ होते. तिने ज्यांना ज्यांना न्हाऊ घातलं त्यांचे केस फडकं सोडल्यावर सुळसुळीत मोकळे व्हायचे. चार हात फणी मारली की झालं.

आता तिने फणी घेतली आणि अक्षताच्या मानेवर लावली. फणी आत जाईना.

अक्षताचे केस कुरळे. नुसते वळणाचे नव्हेत, मुळापासून कुरळे, दाट आणि कोरडे. लग्नात तिचा आंबाडा घालताना फणीचे दात मोडले होते आणि बायका हसल्या होत्या. ती स्वतः त्यांना कधी कोरडी फणी लावायची नाही. न्हाऊन झालं की ओल्या केसांचे भाग करायचे, खोबरेल चोपडायचं आणि टोकाकडून वर बोटांनी सोडवत यायचं, हे तिचं लहानपणापासूनचं. सुरुवातीच्या न्हाण्यांतच तिने भीत भीत विचारलं होतं, की आई, ओले आहेत तोवर बोटांनी सोडवून घेऊ का. मालन म्हणाली होती की केस काय पळून जातायत, तू पोरीकडे बघ. टाके दुखत होते, पोरगी अंगावर नीट पीत नव्हती, आणि अक्षताने पोरीकडे बघितलं.

मालनने पट्टी पूर्ण सोडली. डोक्याच्या मागे, मानेपासून वर, केसांचा एकच जाड गोळा झाला होता. काथ्याच्या पायपुसण्यासारखा घट्ट, तेलाने आणि धुरीने काळपट, आणि त्याला आंबूस वास. मालनने तो दाबून बघितला. बोट शिरेल एवढीसुद्धा जागा नव्हती. तिने फणी खाली ठेवली. अक्षताने मागे हात नेऊन चाचपलं. मोरीत बादलीवरचा नळ वाहत राहिला.

चाळीत गोष्ट लपत नाही. दुपारी गंगुबाई वाटीभर साखर मागायला आली, तिने अक्षताचं डोकं बघितलं आणि साखर तिथेच राहिली. तिने गोळ्याला हात लावला नाही, लांबूनच हात जोडले. म्हणाली, जट आहे ही. देवी आली तुमच्या घरात.

खरं सांगायचं तर मालनला तेव्हा बरं वाटलं. देवीनेच केस धरले असतील तर त्यात न्हाऊ घालणाऱ्या बाईचा काय दोष. तिने लगेच उदबत्ती लावली.

कुशाबाला मात्र बरं वाटलं नाही. तो मालनचा नवरा, गिरणीत सूतखात्यात नोकरी करून म्हातारा झालेला, घरात कमी बोलणारा माणूस. संध्याकाळी खालून आला, त्याला कळलं, आणि तो खाटेवर बसला. मालवणकडे गावी त्याच्या बहिणीला जट आली होती. नवऱ्याने दारूच्या तारेत विळीने ती कापली, आणि पावसाळा सरायच्या आत तिचं रांगतं पोर तापाने गेलं. कुशाबा तेव्हा लहान होता. पोराला पुरायला नेताना पुढे कंदील त्यानेच धरला होता. ही गोष्ट त्याने घरात कधी सांगितली नव्हती, ती त्या दिवशी सांगितली, आणि शेवटी सुनेकडे न बघता म्हणाला, "कातर लावू नको गो. पोरीक भोवतला."

शिमग्याला सगळे गावी जाणारच होते. देवळात कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. देवी म्हणाली माझी, तर जट जन्मभर राखायची, आणि वर्षाला देवीपुढे जाऊन बसायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही. कुशाबाने असं ठरवलं आणि हितेंद्रने मान हलवली. हितेंद्र त्यांचा मुलगा, अक्षताचा नवरा. शिवडीच्या गोदामात ट्रकांचा हिशेब बघायचा आणि घरात जो शेवटी बोलेल त्याला मान हलवायचा. वाईट नव्हता. त्याला बापाची भीती वाटत नव्हती, मुलीसाठी वाटत होती. बाप बोलला तेव्हा त्याने तान्ह्या मनवाकडे बघितलं होतं, आणि एकदा बघितल्यावर पुढचं सगळं ठरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. हळदीकुंकू घेऊन, ओटी घेऊन. अक्षता भिंतीला टेकून पोरीला पाजत असायची आणि एखादी ओळखीची ना पाळखीची बाई येऊन तिच्या पायावर डोकं ठेवायची. पाय मागे घेता यायचे नाहीत, कारण मांडीवर मनवा. पदर सावरता यायचा नाही. एकदा एक म्हातारी वाकली ती उठेचना, लेकाला नोकरी लागू दे म्हणत राहिली, आणि अक्षता उघड्या छातीने तशीच बसून राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही. मालनने विचारलं, तर भूक नाही म्हणाली.

अक्षता परळला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर होती. रजा संपत आली होती. घरात कुणाला न सांगता, म्हणजे मालनला फक्त बाजारात जाते असं सांगून, ती दादरला एका पार्लरमध्ये गेली. तिथे काचेवर केसांचे फोटो होते, सरळ, लाटांचे, मऊ. आत एक मुलगी कुणाचे तरी कुरळे केस तापलेल्या इस्त्रीने सरळ करत होती. अक्षताने डोक्याची ओढणी काढली. इस्त्रीवाल्या मुलीचा हात थांबला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने आपली खुर्ची सरकवली, थोडीशीच, पण सरकवली. पार्लरची मालकीण पुढे आली, नाकाला रुमाल न लावता पण तसंच तोंड करून, आणि तिने विचारलं की उवा आहेत का. अक्षता नाही म्हणाली. तेवढ्यात ती इस्त्रीवाली मुलगी हळूच मालकिणीला म्हणाली की मॅडम, ही जट आहे, मी नाही हात लावणार, माझं लग्न ठरलंय. मालकीण म्हणाली की मशीन मारून मागचं सगळं काढू, पण लिहून द्या की तुमच्या मर्जीने. अक्षताला मर्जी होती. पण मशीन सुरू झालं, त्याचा घर्रर्र आवाज मानेजवळ आला, आणि तिला मनवाचं कपाळ आठवलं. ती खुर्चीतून उठली. ओढणी बांधत बाहेर आली तेव्हा तिला स्वतःचीच चीड आली होती, की मी मानत नाही आणि तरी उठले.

घरी आली तर मालन पोरीला टाळूवर तेल घालत होती. अक्षता चपलांसकट उंबऱ्यात बसली.

"आई," ती म्हणाली, "मला देवी नकोय. मला माझे केस हवेत."

मालनने वर बघितलं नाही. पोरीच्या टाळूवर बोटं फिरवत राहिली. सून रडत नव्हती, ओरडत नव्हती, आणि त्यामुळे मालनला जास्त भीती वाटली. मग अक्षताने सांगितलं की कातर नको, मान्य. पण बोटं तर चालतील ना. देवीचं असेल तर सुटणार नाही. गुंता असेल तर सुटेल. एवढं तरी करू दे मला, आणि माझा हात मागे पोचत नाही, तर तुम्ही करा.

त्या दिवसापासून रोज दुपारी, कुशाबा खाली पारावर जाऊन बसला की, सासू-सून दाराशी बसू लागल्या. अक्षता खाली पाटावर, मालन मागे स्टुलावर, मध्ये खोबरेलाची वाटी. हत्यारं म्हणजे विणायची आकड्याची सुई, एक दाभण आणि फणीची निमुळती शेपटी. मालनने आधी तिच्या सवयीने वरून, मुळाकडून सुरुवात केली. अक्षताची मान मागे खेचली गेली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वरून नाही, खालून, ती म्हणाली. टोकाकडून. एक केस सुटला की वरचा. मालनने आयुष्यात अशी कुणाची वेणी सोडवली नव्हती. सरळ केसांना वरून खाली एकच हात पुरतो. इथे खालून वर, केसाकेसाने जायचं होतं, आणि ओढलं की उलट आवळत होतं.

तिच्या बोटांचे सांधे सुजलेले. थोड्या वेळाने अंगठा वळायचा नाही, मग ती दाभण दुसऱ्या हातात घ्यायची. तेल कोपरापर्यंत ओघळायचं. ऊन वाढलं होतं, पंखा लावला की सुटलेले केस पुन्हा उडून अडकायचे, म्हणून पंखा बंद. दोघी घामाने निथळायच्या. मनवा रडली की अक्षता तिला मांडीवर घ्यायची आणि ती दूध ओढायची तसा अक्षताच्या मानेचा स्नायू ओढला जायचा. कधी कधी तासभर काम केलं तरी काहीच हलायचं नाही. मग एखाद्या दुपारी टोकाशी करंगळीएवढी बट सुटायची, आणि सुटली की आपसूक वळून वर जायची, एक गोल, दुसरा गोल. मालन ती बोटाला गुंडाळून बघायची. सुंदर आहेत गो तुझे केस, ती एकदा म्हणाली. लग्नापासून पहिल्यांदा म्हणाली.

हितेंद्रला हे कळलं तेव्हा तो घाबरला, पण येताना कसल्याशा मऊ करणाऱ्या लोशनची बाटली घेऊन आला आणि बापाला दिसू नये म्हणून पिशवीतच मालनकडे दिली. ते चोपडल्यावर सुई जरा आत गेली. कुशाबालाही कळलंच. उशीवरच्या तेलाच्या डागावरून त्याला कळलं. तो ओरडला नाही. म्हणाला की बोटांनी सुटतं तेवढं देवीच सोडते, ती परीक्षा बघते. फक्त कातर नको. आणि मग रोज पारावरून येऊन तो आधी मनवाच्या कपाळावर हात ठेवायचा आणि मग पाणी प्यायचा.

गोळा खालून निम्मा सुटला आणि मग थांबला. वर, कवटीच्या खाली, नारळाएवढा एक गाभा राहिला. तो दगडासारखा होता. सुई लावली की अक्षता कळवळायची, आधी ओढल्यामुळे वाटायचं, पण मग नुसता हात लागला तरी. मालनला वास आला. तेलाचा आंबूस वास तिला सवयीचा झाला होता, हा वेगळा होता. तिने गोळा बाजूला सरकवून मान बघितली. त्वचा लाल, तापलेली, आणि गाभ्याच्या कडेने पिवळं पाणी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईने बघितलं. आत जखम आहे, ती म्हणाली, दिसतच नाहीये, केस काढल्याशिवाय मी मलम कुठे लावू. गोळ्या दिल्या आणि म्हणाली, उद्या केस काढून या, नाहीतर ताप चढेल, तुम्ही अंगावर पाजता आहात. मालन शेजारी उभी होती. तिला वाटलं डॉक्टरीणबाई आपल्याकडेच बघून बोलते आहे.

घरी येऊन मालनने कुशाबाला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. शिमगा तोंडावर आहे, तो म्हणाला, कौल होऊ दे, देवीची आज्ञा घेऊ आणि मग काय ते करू. मालन म्हणाली, तोवर तिला ताप आला तर. कुशाबा म्हणाला, आणि कापल्यावर पोरीला आला तर. तो हट्टाला पेटलेला नव्हता, हे मालनला कळत होतं. त्याच्या डोळ्यांपुढे तो कंदील होता. आणि मालनच्याही होता आता, त्याने सांगितल्यापासून. तीसुद्धा मनवाला शिंक आली तरी दचकत होती. गिरणीत सुताचा गुंता झाला की हाच माणूस बघता बघता कापून पुढे गाठ मारायचा, मशीन थांबवायचा नाही. आता त्याच्याने एक कातर बघवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी हितेंद्र कामावर गेला. कुशाबा पारावर गेला नाही. खाटेवर बसून राहिला, मनवाला मांडीवर घेऊन, पाठ भिंतीला. त्याला राखणच करायची होती. मालनने पाट मांडला, वाटीत तेल घेतलं, आणि अक्षता येऊन बसली. तिचं अंग कढत होतं. हात लावल्याबरोबर मालनला ते कळलं.

ती गाभ्याच्या खालच्या कडेने सुई घालू लागली. लोशन लावलं, तेल लावलं, पुन्हा सुई. अक्षताने पाटाची कड दोन्ही हातांनी धरली होती. तिचे ओठ पांढरे झाले होते पण ती थांबा म्हणत नव्हती. बऱ्याच वेळाने एक पदर सुटला. आत अंधारात काहीतरी काळं दिसलं. मालनला वाटलं रक्त सुकलं असेल. तिने फणीच्या शेपटीने ते हलवलं आणि कट्ट असा आवाज झाला. लोखंडाचा.

ती थांबली. पदराने हात पुसले आणि दोन बोटं आत घातली. एक जाड काळा दोरा. दोऱ्यात सुकलेलं वेखंड. आणि दोरा ज्यात ओवला होता ती पिन, गंजून तपकिरी, तोंड उघडलेलं, टोक अक्षताच्या मानेत. केस त्याच्याभोवतीच गुंडाळले गेले होते. प्रत्येक न्हाण्याला थोडे, प्रत्येक चोळण्याला थोडे, आणि वरून फडकं.

पाचवीच्या दिवशी मालनने ती स्वतःच्या मंगळसूत्रातून काढून लावली होती. नीट आत, कुणाला दिसू नये अशी. बारशाला काढायची असते. बारशाच्या दिवशी घरात पाहुणे होते, बुंदी कमी पडली होती, आणि तिला आठवलंच नाही. मग रोज तीच हात फिरवत होती त्यावरून. रोज.

अक्षताला दिसत नव्हतं. तिने नुसतं विचारलं, काय झालं आई.

मालनने टोक मानेतून अलगद काढलं. अक्षताचं अंग एकदा थरथरलं आणि मानेवरून पू आणि रक्त खाली आलं. पिन मालनच्या मुठीत होती. खाटेवरून कुशाबाला सुनेचा चेहरा दिसत होता, मालनची मूठ दिसत नव्हती. पिन तशीच कमरेला खोवता आली असती. पुढे देवी राहिली असती, हळदीकुंकू राहिलं असतं, आणि चाळीत कुणाची लेक बाळंत झाली की मालनला हाक जातच राहिली असती. हे सगळं तिच्या मनात आलं. तिला स्वतःची लाज वाटली, पण आलं खरं.

ती स्टुलावरून उठली, खाटेपाशी गेली आणि कुशाबापुढे मूठ उघडली.

"ही पिन माजी," ती म्हणाली. "पाचवीक मीच लावलंय. काढूक इसरलंय. ह्या देवीचा काय नाय."

कुशाबाने पिनेकडे बघितलं. मग तिच्याकडे. त्याने मनवाला आणखी जवळ धरलं. लोखंड देवीच्या नावानेच लावलं होतं ना, तो म्हणाला, म्हणजे देवीनेच धरलं ते. त्याचा आवाज मोठा नव्हता. तो विनवणी करत होता. तिने हो म्हणावं असं त्याला वाटत होतं, आणि ती म्हणत नव्हती.

मालनने फळीवरून कातर घेतली. कापड कापायची, मोठी, काळ्या मुठीची. कुशाबा उठू लागला, पण मांडीवर पोर होती, त्याला उठता आलं नाही.

"गाठ माजी, कातर पण माजी," मालन म्हणाली. "भोवला तर माका भोवतला."

तिने अक्षताच्या मानेशी कातर लावली. कापायला वेळ लागला, केस कुठले, ते चामडंच झालं होतं. कातर दोनदा अडकली. अक्षता मान खाली घालून रडत होती, आवाज न करता, आणि तिचे खांदे हलत होते म्हणून मालनने डाव्या हाताने तिचं कपाळ घट्ट धरून ठेवलं. शेवटचा पदर तुटला आणि गोळा मालनच्या हातात आला. जड होता. खाली मानेवर एक उघडी जखम, आणि तिच्याभोवती कापलेले, बोटभर उरलेले केस. ते लगेच वळले, सगळे, एकेक गोल.

तेव्हाच मनवा शिंकली.

कुशाबाचा हात तिच्या कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. मनवाने डोळे मिचकावले, तोंड वेडंवाकडं केलं आणि आजोबांच्या शर्टाचं बटण धरलं.

मालनने पाणी गरम केलं, जखम पुसली, आणि अक्षताला रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईने पट्टी बांधली. काय होतं आत, तिने विचारलं. अक्षता म्हणाली, पिन होती, आणि मालनकडे बघितलं नाही. मालनने सांगितलं, मी लावलेली. डॉक्टरीणबाईने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. एवढंच झालं. मालनला वाटलं होतं कुणीतरी काहीतरी बोलेल.

घरी आल्या तर गोळा अजून पाटाशेजारी पडला होता. कुशाबाने त्याला पायही लावला नव्हता. गॅलरीत गंगुबाई आणि आणखी दोघी उभ्या होत्या, त्या आत आल्या नाहीत. कचऱ्यात टाकवेना, घरात ठेववेना. अक्षता चटईवर कुशीवर झोपली, औषधाने तिचे डोळे मिटत होते. मालनने डोकं बांधायची ती जुन्या साडीची पट्टी घेतली, गोळा त्यात गुंडाळला, वर पिन ठेवली, गाठ मारली. मग भिंतीशी स्वतःची वळकटी पसरली, ते गाठोडं उशीखाली सारलं आणि भरदुपारी त्यावर डोकं ठेवून आडवी झाली. कुशाबा बघत होता. गाठोड्यात जे काही भोवणारं असेल ते जवळच्या डोक्यावर येईल, पोरीवर नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

मनवा त्याच्या मांडीवर झोपली होती. बाहेर नळावर बायकांची भांडी वाजत होती. मालन छताकडे बघत होती.

"पोरीचा अंग थंड आसा मां?" तिने विचारलं.

कुशाबाने पोरीच्या कपाळाला, मग पोटाला, मग पायांना हात लावला. "थंड आसा," तो म्हणाला.

"आता माजा बघा."

त्याने मनवाला हळूच चटईवर, आईच्या कुशीशी ठेवलं. गुडघ्यांवर हात टेकत उठला, मालनपाशी येऊन बसला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. त्याने तो तिथेच राहू दिला.